चाय की हेरबाता?

आई-बाबांना घेऊन प्रागला जायचं की क्राकोवला, ते सांगायचंय, पण सुरुवात एका शब्दापासून करते. आमच्या घरात एक शब्द होता, हेरबाता. गवळी आला नाही किंवा दूध नासलं आणि बिनदुधाचा चहा करायची वेळ आली की आज्जी म्हणायची, आज हेरबाता प्या सगळ्यांनी. चव वाईट असली की पण हेरबाता, हॉटेलात पाणचट चहा मिळाला तरी हेरबाता. मला वाटायचं हा कोल्हापुरी शब्द असणार, आपले असे बरेच शब्द आहेतच की जे पुण्यात बोललं की लोक तोंडाकडं बघतात, तसाच हा. होस्टेलवर एकदा बोलून गेले तर रूममेट म्हणाली, कसली बाता? तेव्हापासून बाहेर वापरायचा बंद केला.

मग मी बर्लिनला आले नोकरीसाठी, आणि ऑफिसच्या किचनमध्ये एका पोलिश कलीगचा चहाचा डबा होता, त्यावर मोठ्या अक्षरात तोच शब्द. मी दोनदा वाचला. तिला विचारलं हे काय, तर ती म्हणाली चहा, आमच्यात चहाला हेरबाताच म्हणतात. मी तिथूनच, भारतात रात्रीचे दहा वाजलेले असताना, आईला फोन लावला. आई म्हणाली, मग? तुला ठावं नव्हतं व्हय?

म्हणजे आईला ठाऊक होतं! मला कुणी सांगितलं नव्हतं कारण मी कधी विचारलं नव्हतं.

आज्जी वळिवड्याची. कोल्हापूरकरांना सांगायला नको पण बाकीच्यांसाठी सांगते, १९४३ ते १९४८ वळिवड्यात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, जवळजवळ पाच हजार माणसं, त्यात बायका आणि पोरंच जास्त. सोव्हिएत रशियानं १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडातून घरंच्या घरं उचलून सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकली होती, त्यातले जे जगले आणि सुटले ते इराणमार्गे जगभर पांगले, काही पोरं जामनगरजवळ बालाचडीला आली आणि त्यापेक्षा कितीतरी जास्त लोक आमच्याकडं. त्या पोरांना आसरा देणाऱ्या जामनगरच्या महाराजांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, वळिवडं कुणाला माहीत नसतं, हे माझं कायमचं रडगाणं आहे, असो. बराकींच्या रांगा होत्या, शाळा होत्या, चर्च होतं. पुढं फाळणीनंतर आलेले सिंधी लोक तिथं राहिले, आणि आज ते गांधीनगर आहे, जिथं आमच्याकडच्या लग्नाची निम्मी कापडखरेदी होते.

आज्जी तेव्हा अकरा-बारा वर्षांची, आईबरोबर डोक्यावर पाटी घेऊन छावणीत भाजी विकायला जायची. त्यास्नी कोबी लई लागायचा, असं सांगायची. एकदा एका बाईनं तिला पायरीवर बसवून काचेच्या ग्लासात काळा चहा दिला, हेरबाता हेरबाता करत. आज्जीनं घोट तोंडात धरला, हसून मान हलवली, तशीच गाल फुगवून छावणीच्या बाहेरपर्यंत चालत आली आणि झाडाखाली थुकली. बास. एवढीच गोष्ट. पण ती तिनं पन्नास वर्षं सांगितली.

आता मूळ विषयावर येते, म्हणजे चेकमधलं प्राग की पोलंडमधलं क्राकोव.

गेल्या वर्षी आई-बाबा पहिल्यांदा आमच्याकडं आले. व्हिसा ९० दिवसांचा, पण नवऱ्याची आणि माझी सुट्टी एकत्र जुळली ती फक्त एक लाँग वीकेंड, शुक्रवार ते सोमवार. पॅरिस-स्वित्झर्लंड टूरवाल्यांबरोबर त्यांचं आधीच झालेलं, आठ दिवसांत पाच देश, ज्याचं आईनं एका वाक्यात वर्णन केलं, बसमधनं उतर आणि बसमधी चढ. त्यामुळं ह्या वेळी एकच शहर, जुनं, चालत फिरता येईल असं, ट्रेननं जाता येईल असं. बर्लिनहून असं शहर म्हटलं की लोक डोळे झाकून प्राग सांगतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं तर चौदा जणांपैकी तेरा प्राग, आणि चौदाव्यानं नुसता अंगठा टाकला.

प्राग मी बघितलेलं होतं, मैत्रिणींबरोबर, जुलैतल्या गर्दीत. तेव्हाची खरी आठवण सांगू का? चार्ल्स ब्रिजवर मी पूल बघितलाच नाही, पुढच्या माणसाची बॅकपॅक बघितली. दोन्ही कठड्यांवर संतांचे ३० पुतळे आहेत त्यातले मी सहा बघितले असतील. आणि ती भट्टीवर फिरवून भाजलेली दालचिनी-साखरेची गोड नळकांडी, दर दहा पावलांवर एक दुकान, पाटीवर लिहिलेलं जुनी बोहेमियन परंपरा, आणि आमच्या होस्टेलवरचा चेक मुलगा म्हणाला माझ्या आज्जीनं आयुष्यात कधी हे केलेलं नाही, हे तुमच्यासाठी आहे. पण तेच शहर सकाळी सहाला बघितलं होतं, झोप येत नव्हती म्हणून एकटी बाहेर पडले होते, नदीवर धुकं, पुलावर एक झाडूवाला आणि मी, आणि वर तो किल्ला. त्या अर्ध्या तासासाठी मी प्रागला सगळं माफ करायला तयार होते.

आणि बाबांसाठी प्राग म्हणजे घड्याळ. बाबांनी आयुष्य उद्यमनगरात लेथवर काढलं. बर्लिनच्या रविवारच्या भंगार बाजारात त्यांनी काय घेतलं तर एक जुनं जर्मन व्हर्नियर कॅलिपर, मिशा लावलेल्या म्हाताऱ्याशी खुणांनी भाव करून. ह्या माणसानं प्रागच्या टाऊन हॉलवरच्या त्या खगोलीय घड्याळाचे व्हिडिओ इतके बघितले होते की मलाच त्याची माहिती सांगायचे. १४१० सालचं यंत्र. आणि ते नुसती वेळ सांगत नाही, सूर्य कुठल्या राशीत आहे ते सांगतं, चंद्राची कला दाखवतं, शिवाय जुन्या चेक पद्धतीचे तास, जे सूर्यास्तापासून मोजायला सुरुवात करायचे. बाबा म्हणाले, अगं हे भिंतीवर टांगलेलं पंचांग हाय, फकस्त दातेरी चाकांवर चालतंय. दर तासाला सांगाडा घंटा ओढतो, खिडकीतून बारा प्रेषित फिरतात, शेवटी कोंबडा आरवतो. मी त्यांना सांगितलं बाबा, ते एक मिनिटभर पण चालत नाही, खाली शेकडो लोक मोबाईल वर करून उभे असतात आणि संपल्यावर सगळ्यांचा चेहरा एवढंच? असा होतो. ते म्हणाले, लोकास्नी भावली बघायची असत्यात, मला मागचं चाक बघायचं हाय. (मागचं चाक असं सहज बघायला मिळत नाही हे मी सांगितलं नाही.)

चार्ल्स ब्रिजचं पण त्यांना आवडलं होतं. सांगतात की राजा चौथ्या चार्ल्सनं पायाभरणीचा मुहूर्त ज्योतिषांना विचारून काढला, १३५७ साल, नववा दिवस, सातवा महिना, पाच वाजून ३१ मिनिटं, म्हणजे १-३-५-७-९-७-५-३-१, सरळ वाचा नाहीतर उलटं वाचा. आई म्हणाली, मग आपल्याकडच्या पुलांचा मुहूर्त कोण काढतंय?

तर प्राग जवळजवळ ठरलंच होतं. मीच घोळ घातला. मी म्हणाले, क्राकोव पण होऊ शकतं, आज्जीसाठी. माझ्या डोक्यात एक पिक्चर तयार झाला होता, बाबा पोलंडच्या जुन्या चौकात उभे आहेत, डोळ्यात पाणी, मी फोटो काढते, ब्लॉग लिहिते, वगैरे. २०२४ ला पंतप्रधान वॉर्सात कोल्हापूरच्या नावाच्या स्मारकाला फुलं वाहायला गेले ते टीव्हीवर बघताना बाबांनी मला फोन केला होता, त्यामुळं वाटलं त्यांना आवडेल. बाबा शांतपणे म्हणाले, आईनं कोबी विकला, पैसं घेतलं, इषय संपला. ती मान्सं त्यांच्या घराला गेली. मी तिथं जाऊन काय करू, हिशोब मागू?

माझा पिक्चर तिथंच डब्यात गेला.

नवऱ्यानं मग त्याच्या सवयीनं एक्सेल काढलं. प्राग साडेचार तासांच्या आत, थेट ट्रेन, ड्रेस्डेननंतर एल्बे नदीच्या काठाकाठानं वाळूच्या दगडाचे उंच कडे, आणि चेक रेल्वेची डायनिंग कार जिथं नळाची बिअर मिळते (ह्या मुद्द्याला त्यानं दहापैकी दहा दिले, कुणी विचारलं नव्हतं). क्राकोव सात तास, तीही थेट गाडी आहे पण सात तास. युरो दोन्हीकडं नाही, इकडं कोरुना तिकडं झ्लोटी. युनेस्कोच्या यादीत क्राकोव १९७८ लाच, अगदी पहिल्या यादीत, प्राग १९९२ ला, ह्याचा आमच्या निर्णयाशी संबंध काय ते त्यालाच माहीत. चढ-उतार ह्या कॉलममध्ये मात्र क्राकोव पुढं गेलं. प्रागला किल्ला बघायचा तर चढ आहे आणि खालच्या गल्ल्या सगळ्या गोट्यागोट्यांच्या फरशीच्या. क्राकोवचं जुनं शहर सपाट, मधे चौक जवळपास २०० मीटर बाय २०० मीटर, आणि जुनी तटबंदी एकोणिसाव्या शतकात पाडली तिथं शहराभोवती झाडांचा पट्टाच केलाय, प्लांटी, चार किलोमीटरचा, बाकडीच बाकडी.

एवढा वेळ आई भाजी निवडत होती. बर्लिनमध्ये एका तमिळ दुकानात मेथी मिळाली होती आणि तिला ती सोडून दुसरं काही सुचत नव्हतं. तिला आम्ही विचारलंच नव्हतं. म्हणजे विचारलं होतं, आई तुला काय वाटतं, आणि ती म्हणाली होती मला काय, तुमी न्याल तिकडं येतो (आई कोल्हापूरच्या बायकांसारखी येतो-जातोच म्हणते), आणि आम्ही ते उत्तर धरून पुढं गेलो होतो, जसं आम्ही तीस वर्षं करत आलोय.

बाकडी हा शब्द ऐकून तिनं मान वर केली. बसायला जागा हाय काय तिकडं? म्हटलं भरपूर. मग तिनं काड्या एका बाजूला सारल्या आणि म्हणाली, मी पोलंडला जातो. तुमी जावा घड्याळ बघाय.

बाबा म्हणाले, तुला काय हाय पोलंडचं?

आणि मग आई जे बोलली ते मी जमेल तेवढं तिच्या शब्दात लिहिते. म्हणाली, आत्याबाई (म्हणजे आज्जी, आईची सासू) शेवटची दोन वर्षं हातरुणावर हुत्या, तुमी वर्कशॉपला, पोरगी जर्मनीला. मी आनि त्या. त्या काय बोलायच्या? तुमच्या लहानपणाचं न्हाई बोलायच्या, मामंजींचं न्हाई. ती छावणीच सांगायच्या रोज, कुठली बाई कशी गाणं म्हणायची, कुणाच्या पोराचं केस कसं कापसागत हुतं, त्या जायला निघाल्या तवा कोण रडली. दोन वर्षं ऐकलंय मी. मला आता ती मान्सं तुमच्या भावकीपेक्षा जास्त ठावं हायत.

किचनमध्ये कुणी काही बोललं नाही. नवऱ्यानं लॅपटॉप हळूच मिटला.

बाबांनी तरी एक प्रयत्न केला, चेक लोक पण चहाला काय म्हणत्यात माहीत हाय का, चाय म्हणत्यात, आपल्यासारखं, मी व्हिडिओत ऐकलंय. हे खरं आहे, चेकमध्ये चहा म्हणजे चायच, प्रागच्या हॉटेलात बसून नुसतं चाय म्हणा, चहा येतो. युरोपात आपला शब्द चालणारं शहर सोडून आपण हेरबातावाल्यांकडं का जायचं, असा त्यांचा एकूण मुद्दा. गंमत म्हणजे पोलिश लोक चहाला हेरबाता म्हणतात पण किटलीला चायनिक म्हणतात. मी हे सांगितल्यावर आई म्हणाली, बगा, किटली तुमची आनि च्या माजा.

तिकिटं क्राकोवची काढली.

खरं तर आमचं क्राकोव कुठल्याही गाईडबुकवाल्याला नापास करावं असं झालं. व्येलिच्का मिठाची खाण बघितली नाही, कारण सुरुवातीलाच साडेतीनशेच्या वर पायऱ्या उतरायच्या होत्या. लिओनार्दोनं रंगवलेली ती हातात पांढरं जनावर धरलेली बाई तिथल्या म्युझियममध्ये आहे, तिच्यापुढं आई दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली मुंगूस पाळलंय व्हय. आउशविट्झ ७० किलोमीटरच्या आत आहे, सगळे म्हणतात क्राकोवला गेलात आणि तिथं गेला नाहीत असं होऊच शकत नाही. आम्ही गेलो नाही. त्यासाठी एक अख्खा दिवस आणि वेगळं मन लागतं, पिएरोगी खाण्याच्या मधल्या वेळात ते करायचं नव्हतं मला.

पण ते शहर तुम्हाला सोडत नाही तसं. दुसऱ्या दिवशी आम्ही काझिमेश म्हणजे जुनी ज्यू वस्ती बघून ट्रामनं विस्तुला नदी ओलांडून पोदगुझेला गेलो. आईचा गुडघा दुखायला लागला होता. उतरलो तो एक मोठा मोकळा चौक, आणि चौकभर खुर्च्या. धातूच्या, रिकाम्या, लांब लांब अंतरावर, सगळ्या वेगवेगळ्या. आई म्हणाली लई बेस केलंय, आणि ट्राम स्टॉपजवळच्या एका खुर्चीवर जाऊन बसली. मी फोनवर वाचलं. हा घेट्टोचा चौक. मार्च १९४१ मध्ये नाझींनी शहरातल्या ज्यूंना इथं कोंबलं, इथूनच छळछावण्यांकडं पाठवलं आणि मार्च १९४३ मध्ये घेट्टो संपवला, तेव्हा ह्या चौकात लोकांचं सामान, खाटा, खुर्च्या असं पडून राहिलं होतं. २००५ साली ही स्मारकाची ७० खुर्च्यांची मांडणी केली. मी आईला हळू आवाजात सांगितलं. स्टॉपजवळच्या खुर्चीवर लोक बसतात, चालतं, हे पण सांगितलं. तिनं विचारलं, कुठलं साल म्हनालीस? १९४३. ती उठली. उठल्यावर पदरानं खुर्ची पुसली.

बाबा त्या दिवशी फार बोलले नाहीत. त्यांचं मन लागलं ते वेगळ्याच ठिकाणी. मोठ्या चौकातल्या मारियात्स्की चर्चच्या बुरुजावरून दर तासाला एक माणूस खरोखरचा ट्रम्पेट वाजवतो, चार दिशांना चार वेळा, आणि दर वेळी सूर मधेच तुटतो. कथा अशी की तेराव्या शतकात तातारांची स्वारी आली तेव्हा इशारा देणाऱ्याच्या गळ्यात बाण लागला, म्हणून तिथंच थांबायचं. वाजवणारे अग्निशमन दलाचे लोक असतात. हे कळल्यावर बाबा एकदम खूश, म्हणजे ड्युटी हाय ही! रातच्याला पन? रात्री पण. रात्री दोनला, तीनला, थंडीत, पावसात, कुणी ऐको न ऐको. मग ते दर तासाला चौकात हजर. सूर नेमका त्याच जागी तुटतो का हे त्यांनी आठ वेळा तपासलं, आणि तुटल्यावर वर बघून हात हलवायचे. एकदा वरच्या माणसानं पण हात हलवला. शिवाय मी त्यांना जुन्या विद्यापीठाच्या अंगणात नेलं, कोपर्निकस शिकला ते विद्यापीठ, १३६४ सालचं, तिथल्या भिंतीवर पण एक घड्याळ आहे, ठरलेल्या वेळी गाणं वाजतं आणि राजा-राणीच्या बाहुल्या बाहेर येतात. बाबांनी पूर्ण बघून घेतलं. म्हणाले, चालतंय. पण ह्यो ट्रेलर झाला.

आणि हेरबाता. शेवटच्या दिवशी एका बार म्लेचनीत गेलो, शब्दशः दुधाचा बार, साधी स्वस्त सरकारी मदतीवर चालणारी खानावळ, ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं, फळ्यावर सगळं पोलिशमध्ये, पुढं म्हातारी माणसं आणि कॉलेजची पोरं. कोबी होताच, तीन प्रकारचा. पिएरोगी म्हणजे उकडलेली करंजी, आत बटाटा आणि चक्क्यासारखं चीज, आईला लसणीची चटणी लागली, ती पर्समध्ये होती. काउंटरवरची बाई चांगलीच खत्रूड दिसत होती. मी बोलायच्या आत आई पुढं झाली आणि म्हणाली, हेरबाता. एकदम स्वच्छ, आज्जी म्हणायची तसं, शेवटचा ता थोडा आपटून. बाईनं काही विचारलं नाही, तिच्या लेखी एका गिऱ्हाइकानं चहा मागितला होता, बास. तिनं ग्लास ठेवला. काचेचा, काळा, वर लिंबाची चकती. दुधाच्या बारमध्ये बिनदुधाचा.

नवरा म्हणाला, आई, दूध मागू का? ती नको म्हणाली. खिडकीजवळ बसून तिनं तो पूर्ण संपवला, साखर न घालता, आणि तोंड इतकं वाकडं केलं की बाबा हसायला लागले.

निघताना स्टेशनवरच्या दुकानातून तिनं एक चहाचा डबा घेतला. बाबा परतीच्या सात तासांत पाच तास झोपले आणि उरलेल्या दोन तासांत त्यांनी मला घड्याळाचे तीन नवे व्हिडिओ दाखवले. व्हिसाचे तेव्हा अकरा दिवस उरले होते आणि आम्हाला सुट्टी नव्हती.

परवा फोन केला तर आई म्हणाली आज दूध नासलं, हेरबाता केली. मी विचारलं त्या डब्यातली का? म्हणाली, छ्या, तो कुठं फोडतो. शोकेसमधी ठेवलाय, ह्यांच्या त्या व्हर्नियरच्या शेजारी. ह्यास्नी इचारतो तर म्हनत्यात, मधी जागा सोड.